शाळेचा अभ्यासक्रम बदलला की स्वाहिली पुस्तकांचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी मुंबईतल्या एका छापखान्यात मी पूर्व आफ्रिकेतून येणाऱ्या शालेय पुस्तकांचं मुद्रितशोधन बघते. कामाच्या निमित्तानं स्वाहिली शिकले आणि मग त्या भाषेच्या पुस्तकांच्या मागे लागले. ओळखीचे लेखक, शिक्षक, अनुवादक, छपाईच्या धंद्यातली माणसं तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिते आहे. भर केनियावर आहे, कारण अभ्यासक्रमाचे धक्के तिथे सगळ्यात उघड दिसतात. टांझानिया आणि युगांडा ओघात येतील.

स्वाहिली लेखन शाळेवर इतकं अवलंबून का?

कारण पुस्तकाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक शाळाच आहे. केनियातल्या प्रकाशकांच्या उत्पन्नाचा फार मोठा वाटा शालेय पुस्तकांतून येतो. कथा-कविता-कादंबऱ्या त्या कमाईच्या आधारानं निघतात. पाठ्यपुस्तकांचं वर्ष बरं गेलं की प्रकाशक एखाद्या नव्या कादंबरीकाराला हात देतो. ते वाईट गेलं तर हस्तलिखित कपाटातच राहतं.

मुळं याहून खोल आहेत. आज जिला प्रमाण स्वाहिली म्हणतात, तिची घडणच शाळेसाठी झाली. १९३० साली ब्रिटिश अमदानीत केनिया, युगांडा, टांगानिका (आजच्या टांझानियाची मुख्य भूमी) आणि झांझिबार यांच्यासाठी मिळून एक भाषा समिती नेमली गेली. झांझिबार शहराची बोली, म्हणजे किउङ्गुजा, हा प्रमाण भाषेचा पाया ठरला होता. शाळेच्या पुस्तकांचं स्पेलिंग आणि व्याकरण एकसारखं करणं हे समितीचं मुख्य काम. मोम्बासाची किम्विता बोली, जिच्यात मोठी काव्यपरंपरा होती, ती मागे पडली.

याचा अर्थ स्वाहिली साहित्य इंग्रजांनी शाळा काढल्यावर जन्माला आलं, असा मात्र घेऊ नका. लामू, पाते, मोम्बासा या किनारपट्टीवर अरबी लिपीत दीर्घ काव्यं लिहिली जात होती. 'उतेन्दी वा ताम्बुका' या वीरकाव्याचं हस्तलिखित १७२८ सालचं आहे. शाळेनं साहित्य निर्माण केलं नाही. कोणतं साहित्य छापून लाखो हातांत जाईल, हे मात्र शाळा ठरवायला लागली.

केनियात अभ्यासक्रम नेमका कधी बदलला?

मोठे बदल दोन. १९८५ मध्ये ८-४-४ पद्धत आली: आठ वर्षं प्राथमिक, चार माध्यमिक, चार विद्यापीठ. १९८१ च्या मॅके आयोगाच्या अहवालातून ती निघाली. दुसरा बदल म्हणजे क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम, ज्याला सगळे सीबीसी म्हणतात. त्याची चाचणी २०१७ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०१९ पासून खालच्या वर्गांत तो देशभर लागू झाला. याची रचना २-६-३-३-३ अशी: दोन वर्षं पूर्वप्राथमिक, सहा प्राथमिक, तीन ज्युनियर, तीन सीनियर, तीन उच्च शिक्षण. जुन्या पद्धतीची आठवीची शेवटची परीक्षा २०२३ मध्ये झाली. सीबीसीची पहिली तुकडी जानेवारी २०२६ मध्ये दहावीत, म्हणजे सीनियर स्कूलमध्ये पोचली.

१९८५ ला इतकं महत्त्व का देतात?

कारण त्या वर्षापासून स्वाहिली सक्तीची झाली आणि तिची परीक्षा होऊ लागली. त्याआधी स्वाहिलीला मान होता, गुण नव्हते. १९६४ च्या ओमिंडे आयोगानं तिची शिफारस केली होती. १९७४ मध्ये पहिले राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटांच्या काळात ती संसदेची भाषा झाली. १९७६ च्या गचाथी अहवालानं ती सक्तीची करा म्हणून सांगितलं. पण प्राथमिक शाळा संपताना होणाऱ्या परीक्षेत स्वाहिलीचा पेपर नव्हता, आणि ज्याचा पेपर नाही त्याचा तास गणिताला जातो. हे आपल्याकडच्या शिक्षकांना समजावून सांगायला नको.

१९८५ नंतर प्रत्येक मुलाला स्वाहिली पाठ्यपुस्तक, व्याकरण, निबंधाचं पुस्तक आणि शब्दकोश लागायला लागला. शिक्षक लागले, म्हणून शिक्षकांसाठी पुस्तकं लागली. विद्यापीठात स्वाहिली घेऊन शिकलेल्यांना नोकरी मिळू लागली आणि त्यांच्यातूनच पुढचे लेखक आले. आज केनियातले स्वाहिली लेखक बघितले तर बहुतेक जण कधी ना कधी शिक्षक, प्राध्यापक किंवा परीक्षक होते, असं दिसतं. ती पिढी मला त्या एका वेळापत्रकाची देणगी वाटते.

'सेट बुक' म्हणजे काय? ते लागलं की लेखकाचं काय होतं?

माध्यमिक शाळेच्या शेवटच्या परीक्षेत स्वाहिलीचे तीन पेपर असतात: निबंध, भाषा आणि साहित्य. साहित्याच्या पेपरासाठी नेमलेली पुस्तकं म्हणजे 'व्हिताबू तेऊले', शब्दशः निवडलेली पुस्तकं. सहसा एक कादंबरी, एक नाटक आणि एक कथासंग्रह. साधारण पाच वर्षांनी ती बदलतात.

ज्याचं पुस्तक निवडलं जातं, त्याच्यासाठी आयुष्य पालटतं. देशभरातल्या माध्यमिक शाळेतलं प्रत्येक मूल ते पुस्तक वाचतं, त्यातल्या ओळी पाठ करतं, वर्गात त्याचं नाटक बसवतं. केन वालिबोरा यांचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. पत्रकार, वृत्तनिवेदक, प्राध्यापक असलेल्या या लेखकाची पहिली कादंबरी १९९६ मध्ये आली आणि पुढे सेट बुक झाली. नंतर २०१० च्या दशकात 'किदागा किमेम्वोझेआ' हीसुद्धा नेमली गेली. एप्रिल २०२० मध्ये नैरोबीत त्यांचं निधन झालं, तेव्हा शोक करणाऱ्यांत शाळेत त्यांना वाचून मोठे झालेले लोक होते. त्यातले कित्येक जण एरवी स्वाहिली कादंबरी हातात न घेणारे.

'किदागा किमेम्वोझेआ' हे नाव म्हणजे एक वाक्प्रचार आहे. 'दागा' म्हणजे चिमुकली मासळी, मोम्बासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत घरोघरी खाल्ली जाणारी. ती हातातच सडून गेली, म्हणजे बेत फसला, अंगाशी आलं. शाळेनं कादंबरी नेमली नसती तर हा वाक्प्रचार डोंगराळ भागातल्या मुलांपर्यंत इतका पोचला असता का, याची मला शंका आहे.

आता दुसरी बाजू. ज्याचं पुस्तक निवडलं जात नाही, त्याच्या वाट्याला शांतता येते. म्हणून लेखक निवडीचा अंदाज बांधून लिहितात. पानं वर्गात संपतील इतकीच, शृंगार पडद्याआड, शेवटी वाईटाला शिक्षा. राजकारण असलं तर ते काल्पनिक देशात. वालिबोरांच्या या कादंबरीतलं सोकोमोकोही नकाशावर सापडत नाही, पण तिथला जुलमी सत्ताधारी कुणालाही ओळखू येतो. या रूपकाच्या रीतीतून काही फार चांगलं लेखन झालंय, हे मी मनापासून सांगते. पण एकाच दारातून सगळ्यांना आत जायचं असेल तर सगळ्यांची वाकण्याची पद्धत एक होते.

अभ्यासक्रमाला नको असलेली पुस्तकं कधी आत आली का?

आली. टांझानियाचे युफ्रेझ केझिलाहाबी यांची 'रोझा मिस्तिका' १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. शाळकरी मुलीचं शोषण, त्यात शिक्षकांचाही हात, हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिलं. सुरुवातीला शाळांतून तिला बंदी झाली. पुढे तीच कादंबरी अभ्यासाला लागली आणि कित्येक पिढ्यांनी वर्गात वाचली. ज्या मुलींबद्दल ती आहे, त्याच मुलींच्या हातात ती सुरुवातीला पडू दिली गेली नव्हती. मला ही गोष्ट आजही अस्वस्थ करते.

गाइडांचा काही परिणाम होतो का?

खूप होतो. गाइडला तिकडे 'म्वोन्गोझो' म्हणतात. सेट बुक जाहीर झालं की काही आठवड्यांत प्रकरणवार सारांश, आशय, पात्रं, शैलीचे प्रकार, संभाव्य प्रश्न अशी पुस्तिका बाजारात येते. फुटपाथवर सेट बुकाच्या चोरट्या आवृत्त्याही येतात, पातळ कागदावर, पुसट छपाईत. त्यातला पैसा ना लेखकाला मिळतो ना प्रकाशकाला. शिवाय केनियात २०१३ च्या कायद्यानं पुस्तकांवर १६ टक्के व्हॅट बसला, त्यामुळे खरं पुस्तक आणि चोरटं पुस्तक यांच्या किमतीतली दरी आणखी वाढली. मूल्यवर्धित कर पाठ्यपुस्तकावर लावणं मला मुळातच चुकीचं वाटतं.

सीबीसीमुळे लिहिण्याची पद्धत कशी बदलली?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

जुन्या पद्धतीत पाठ्यपुस्तकाचा लेखक धड्याचा उतारा लिहायचा आणि खाली प्रश्न द्यायचा. सीबीसीत अभ्यासक्रमाचा आराखडाच कोष्टकाच्या रूपात येतो. स्वाहिलीची चार अंगं: ऐकणं-बोलणं, वाचन, लेखन आणि व्याकरण. त्यांना बांधून ठेवणारा एक विषय असतो, उदाहरणार्थ 'लिशे बोरा' म्हणजे सकस आहार. त्यातच सात मूलभूत क्षमतांपैकी काही आल्या पाहिजेत: संवाद, चिकित्सक विचार, सर्जनशीलता, नागरिकत्व, डिजिटल साक्षरता वगैरे. आणि आठ मूल्यांपैकी एखादं: प्रेम, जबाबदारी, आदर, एकता, शांतता, देशप्रेम, सामाजिक न्याय, सचोटी.

आता व्याकरणाचा भाग 'की-व्ही' वर्गाचा आहे असं धरा. स्वाहिलीत नामांचे वर्ग असतात, त्यांना 'ङ्गेली' म्हणतात. या वर्गातलं नाम एकवचनात 'की'नं आणि अनेकवचनात 'व्ही'नं सुरू होतं: 'किती' म्हणजे खुर्ची, 'व्हिती' म्हणजे खुर्च्या. किसू म्हणजे सुरी, व्हिसू म्हणजे सुऱ्या. किकोम्बे म्हणजे कप, व्हिकोम्बे म्हणजे कप अनेक. मग सकस आहाराच्या गोष्टीतली आजी खुर्चीवर बसते, सुरीनं भाजी चिरते, कपातून दूध देते आणि नातू तिला 'आभारी आहे' म्हणून आदर दाखवतो. एका पानात चार अंगं, एक मूल्य, एक क्षमता. असे धडे माझ्या टेबलावरून गेले आहेत. काही खरोखर सुंदर होते, कारण लेखकाला आजी ठाऊक होती. काहींत आजी नव्हतीच, नुसती भांडी होती.

एक बदल मला निखालस चांगला वाटतो. 'फासिही सिमुलिझी', म्हणजे मौखिक साहित्य, कोडी, उखाणे, म्हणी, लोककथा, यांना ऐकण्या-बोलण्याच्या भागात मोकळी जागा मिळाली. 'किटेन्डाविली' म्हणून ओरडायचं, समोरच्यानं 'टेगा' म्हणायचं, मग कोडं घालायचं, हा खेळ पुस्तकात पहिल्यापासून होता. आता तो वर्गात खरंच खेळायचा आहे. त्यासाठी लेखकांना स्वतःच्या आजोळची कोडी आठवावी लागतात, आणि ती आपोआप वेगवेगळ्या भागांची असतात.

दुसरा बदल पातळ पुस्तकांचा. खालच्या वर्गांसाठी पायरीपायरीनं वाढत जाणारी, चित्रांची वाचनपुस्तकं मोठ्या संख्येनं निघाली. चित्रकारांना काम मिळालं. मोठ्या मुलांसाठी, बारा ते सोळा वयासाठी, मजेनं वाचावी अशी स्वाहिली पुस्तकं मात्र तितकीशी वाढलेली मला दिसत नाहीत.

वेळ किती मिळतो?

कमी. आराखडा जाहीर होतो, प्रकाशक लेखकांची जोडी-तिकडी गोळा करतात, थोड्याच महिन्यांत हस्तलिखित केनिया इन्स्टिट्यूट ऑफ करिक्युलम डेव्हलपमेंटकडे, म्हणजे केआयसीडीकडे, छाननीला जातं. मान्यता मिळालेल्या पुस्तकांची यादी 'ऑरेंज बुक' म्हणून ओळखली जाते. नवं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं, त्यामुळे छापखान्यात दिवाळीच्या सुमारास सगळी गर्दी एकदम येते. घाईत लिहिलेलं घाईत तपासलं जातं. हा दोष लेखकाचा नाही, तारखांचा आहे.

'एका विषयाला एकच पुस्तक' या धोरणाबद्दल लेखक का नाराज असतात?

आधी केनियात शाळा मान्यताप्राप्त पुस्तकांच्या यादीतून आपल्याला हवं ते निवडायच्या आणि दुकानातून घ्यायच्या. २००३ मध्ये मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झालं तेव्हा सरकारनं त्यासाठी शाळांना पैसे दिले. २०१८ पासून पद्धत बदलली. सरकार निविदा काढतं, एका विषयाला एका इयत्तेसाठी एक पुस्तक निवडतं, आणि ते थेट शाळेत पोचतं.

मुलांच्या बाजूनं बघितलं तर याचा फायदा खरा आहे. पूर्वी एका पुस्तकावर चार-पाच डोकी वाकलेली असायची, आता प्रत्येकाच्या हातात पुस्तक असावं हे ध्येय ठरलं. किंमत उतरली. पैसे मधल्या मधे गळण्याची वाट बंद झाली.

पण गावातल्या पुस्तकांच्या दुकानाचं गिऱ्हाईक गेलं. ते दुकान शालेय पुस्तकं विकून जगत होतं आणि कोपऱ्यात कथा-कवितांची पुस्तकंही ठेवत होतं. दुकान बंद झालं की तो कोपराही गेला. ज्या प्रकाशकाची निविदा लागली नाही, त्याला त्या विषयात काही वर्षं कामच नाही. ज्याची लागली, त्याला सरकारकडून पैसे येईपर्यंत थांबावं लागतं, आणि थकबाकीची तक्रार प्रकाशकांनी वेळोवेळी जाहीरपणे केली आहे. किमतीवर स्पर्धा लागल्यावर लेखकाचं मानधन सगळ्यात आधी कापलं जातं.

माझं मत विचाराल तर पाठ्यपुस्तक एक असायला हरकत नाही, पण पूरक वाचनाची पुस्तकं सरकारनं अनेक प्रकाशकांकडून, वेगवेगळी, शाळेच्या ग्रंथालयासाठी घ्यावीत. मूल ज्या पुस्तकावर परीक्षा देत नाही, त्याच पुस्तकामुळे ते वाचक होतं.

टांझानियात परिस्थिती वेगळी आहे का?

बरीच. तिथे १९६७ पासून प्राथमिक शिक्षण स्वाहिलीतूनच आहे. गणित, विज्ञान, इतिहास, सगळं. त्याच वर्षी राष्ट्रीय स्वाहिली परिषद, 'बाकिता', स्थापन झाली. म्हणजे तिथे स्वाहिली हा एक विषय नसून माध्यम आहे, आणि तिथल्या लेखकाला अणू, अपूर्णांक, प्रकाशसंश्लेषण यांसाठीही शब्द घडवावे लागले. दार-एस-सलाम विद्यापीठाच्या स्वाहिली संशोधन संस्थेचा प्रमाण शब्दकोश १९८१ मध्ये आला. माध्यमिकपासून मात्र माध्यम इंग्रजी आहे, आणि तिथे स्वाहिलीतली ती सगळी परिभाषा अर्ध्यावर सुटते.

प्रकाशनाच्या बाजूनं तिथे झोका दोन्हीकडे गेला. आधी सगळं सरकारी, १९९० च्या दशकात खासगी प्रकाशकांना दार उघडलं, मग २०१३ मध्ये पाठ्यपुस्तकांतल्या चुकांवरून संसदेत गदारोळ झाला, मान्यता देणारी समिती बरखास्त झाली, आणि पाठ्यपुस्तकं पुन्हा टांझानिया शिक्षण संस्थेकडे गेली. आता तीच अभ्यासक्रम करते, तीच पुस्तक लिहून घेते. २०२४ पासून नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्यानं लागू होतोय. चूक टाळायला एकच हात ठेवला की चूक दाखवणारा दुसरा हातही उरत नाही, असं मला या प्रकरणात वाटतं.

टांझानिया सरकारनं देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांच्या नावानं सर्जनशील लेखनाचे राष्ट्रीय पुरस्कार सुरू केले, ही चांगली गोष्ट. पहिले २०२३ मध्ये दिले गेले.

युगांडात स्वाहिली सक्तीची झाली म्हणजे बाजार वाढला ना?

कागदावर वाढला. २०२० च्या नव्या माध्यमिक अभ्यासक्रमात पहिल्या दोन वर्षांसाठी स्वाहिली सक्तीच्या विषयांत आली, आणि जुलै २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं ती शाळांत शिकवण्याला मंजुरी दिली. पण शिक्षक पुरेसे नाहीत. शिवाय अनेकांच्या मनात स्वाहिली म्हणजे सैनिकांची भाषा, लष्करी हुकूमशहा इदी अमीनच्या काळातली धास्ती. केनियातलं पुस्तक जसंच्या तसं तिथे पाठवून चालत नाही, कारण युगांडाचं मूल ही भाषा शून्यापासून शिकतं.

पुस्तकात कोणती स्वाहिली वापरायची?

यावर संपादकांची रोज वादावादी होते. केनियाच्या शाळेत संगणकाला 'ताराकिलिशी' शिकवतात, टांझानियात सरळ 'कोम्प्युता' म्हणतात. केनियात टीव्हीला 'रुनिङ्गा', टांझानियात 'तेलेव्हिशेनी'. माध्यमिक शाळा केनियात 'शुले या उपिली', टांझानियात 'शुले या सेकोन्दारी'. त्यामुळे एका देशात मंजूर झालेलं पाठ्यपुस्तक दुसऱ्या देशात विकता येत नाही, आणि दहा कोटींहून जास्त लोक बोलतात ती भाषा पुस्तकांच्या बाबतीत छोट्या छोट्या बाजारांत तुटते.

नैरोबीच्या रस्त्यावरची शेङ्ग, म्हणजे स्वाहिली, इंग्रजी आणि इतर भाषांचं तरुण मिश्रण, पाठ्यपुस्तकात चूक म्हणूनच येते. कथेतल्या संवादात तिला जागा द्यावी, असं मला वाटतं. मुलं तीच बोलतात.

कवितेवर अभ्यासक्रमाचा परिणाम झाला का?

स्वाहिली कवितेत 'विना' म्हणजे यमक आणि 'मिझानी' म्हणजे अक्षरांची मोजणी, हे नियम फार जुने. केझिलाहाबींनी १९७० च्या दशकात मुक्तछंद आणला तेव्हा जुन्या कवींनी ही कविताच नव्हे म्हणून कडाडून विरोध केला. परीक्षेला नियमबद्ध कविता सोयीची, कारण ओळी, पदं, अक्षरं मोजून गुण देता येतात. मुक्तछंदही आता पेपरात येतो, पण वर्गात अजून पहिला प्रश्न 'किती ओळींचं कडवं' हाच असतो.

ही पुस्तकं भारतात छापली जातात, हे खरं?

हो. केनियातले कित्येक प्रकाशक भारतात छपाई करून घेतात. न्हावा-शेव्याहून कंटेनर मोम्बासाला जातात. त्यामुळे तिथला अभ्यासक्रम बदलला की इथल्या छापखान्यात रात्रपाळी लागते.

एक गोष्ट डोळ्यांसमोरून हलत नाही. स्वाहिलीत रोमन लिपीत 'एन-जी' नंतर वर एक टिंबवजा स्वल्पचिन्ह देतात. ते असलं की उच्चार 'ङ', नसलं की 'ङ्ग'. गाय म्हणजे 'ङोम्बे'. ज्या ङ ला आपण बाराखडीत नुसता म्हणून सोडून देतो आणि फक्त वाङ्मयात भेटतो, तो त्यांच्या रोजच्या गायीत आहे. 'ङोआ' म्हणजे उपटणं, 'ङ्गोआ' म्हणजे हव्यास. एकदा फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना ती सगळी चिन्हं गळाली. प्लेट लागल्या होत्या, एक फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापायच्या पानांचा संच, छापून झाला होता. शेतकरी तण उपटतो, त्या वाक्यात भलताच शब्द पडला होता. फर्मा रद्द केला. तिसरीतलं मूल पुस्तकातलं अक्षर खरं मानतं, म्हणून तेवढा कागद वाया गेल्याचं मला वाईट वाटलं नाही.

आता २०२६ नंतर काय बघायचं?

जुन्या पद्धतीची शेवटची तुकडी २०२७ मध्ये माध्यमिकची शेवटची परीक्षा देईल. त्यानंतर त्या पद्धतीच्या सेट बुकांची ठरलेली खरेदी थांबेल. सीनियर स्कूलमध्ये स्वाहिली किंवा केनियन खुणांची भाषा सगळ्यांना आहे, पण स्वाहिली साहित्य हा वेगळा, निवडीचा विषय झाला आहे. म्हणजे पूर्वी देशातलं प्रत्येक मूल एक कादंबरी, एक नाटक, एक कथासंग्रह वाचत होतं, ते आता साहित्य निवडणारी मुलंच सविस्तर वाचतील, अशी भीती अनेक शिक्षकांना आहे. मलाही आहे. दुसरीकडे, आवडीनं निवडणाऱ्या मुलांसाठी जरा मोठी, अवघड, धीट पुस्तकं नेमता येतील. ती नेमली जातील का, हे निवड समितीवर आहे.

शाळेबाहेर लेखकाला आधार कशाचा?

२०१४ मध्ये सुरू झालेला कॉर्नेल विद्यापीठाशी जोडलेला किस्वाहिली पुरस्कार अप्रकाशित हस्तलिखितांनाही दिला जातो, ते मला फार मोलाचं वाटतं. अब्दुलरझाक गुर्ना यांना २०२१ चं नोबेल मिळाल्यावर त्यांची कादंबरी स्वाहिलीत आली, 'पेपोनी' नावानं, दार-एस-सलामच्या म्कुकी ना न्योता या प्रकाशनसंस्थेकडून. झांझिबारमध्ये जन्मलेला लेखक इतकी वर्षं आपल्याच माणसांच्या भाषेत नव्हता. ७ जुलै हा युनेस्कोनं जाहीर केलेला स्वाहिली दिवस, त्या दिवशी शाळांत कार्यक्रम होतात, पुस्तकं थोडी विकली जातात.

मराठी लेखकाला किंवा अनुवादकाला यात शिरायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

मुलांच्या गोष्टींपासून. 'आफ्रिकन स्टोरीबुक' आणि बंगळुरूच्या प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' या दोन्हींवर मुक्त परवान्याच्या स्वाहिली गोष्टी आहेत, आणि स्टोरीवीव्हरवर मराठीही आहे. एकच गोष्ट दोन्ही भाषांत शेजारी ठेवून वाचता येते. शब्द अनोळखी वाटणार नाहीत. दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', हिशेबाला 'हेसाबू', सहीला 'साहिही', वहीला 'दाफ्तारी', म्हणजे आपलं दप्तरच. आणि पुस्तकाला 'किताबू'. अरबी 'किताब' किनाऱ्याला लागला, स्वाहिलीनं त्यातला 'की' आपल्याच की-व्ही वर्गातला मानला आणि अनेकवचन केलं 'व्हिताबू'. आठवड्याला एक गोष्ट मोठ्यानं वाचा, ङ नीट म्हणा, आणि महिन्याभरानंतर चौथीचं केनियन पाठ्यपुस्तक मिळवून कोडी असलेलं पान उघडा.